परक्या घड्याळावरचे घर

मराठी वाचकांच्या एका पिढीला ‘मनिला’ हा शब्द ठाऊक होता तो अर्ध्या बाह्यांच्या, विजारीवर मोकळ्या सोडावयाच्या सदऱ्याचे नाव म्हणून. पुढे १९५८ मध्ये विनोबा भावे यांना आणि १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि ते शहर वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून अधूनमधून डोकावू लागले. सदरा आणि पुरस्कार यांपलीकडे, सात हजारांहून अधिक बेटांच्या त्या देशाचा परिचय करून घेण्याचे अगत्य मराठीत फारसे दाखविले गेले नाही. वास्तविक वसाहतीचा दीर्घ अनुभव, इंग्रजीशी जडलेले गुंतागुंतीचे नाते आणि पोटासाठी समुद्र ओलांडणारी माणसे या तिन्ही बाबतींत फिलिपिन्स भारताच्या पाठीमागच्याच आळीत राहणारा आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात श्रमाचा एक प्रकार रुजला. दावाओ, इलोइलो किंवा बागियो येथील घरातल्या एका खोलीत बसायचे आणि अमेरिकेतील किंवा ऑस्ट्रेलियातील एखाद्या व्यापाऱ्याचा माल इंटरनेटवरून खपवून द्यायचा. जाहिरातींचा मजकूर लिहायचा, शोधयंत्रात दुकानाचे नाव वरच्या पानावर यावे अशी तजवीज करायची, फेसबुकवर रोज काय झळकवायचे ते ठरवायचे, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना गोड उत्तरे धाडायची. काम करणाऱ्याने तो व्यापारी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. दुकान तर पुष्कळदा व्यापाऱ्यानेही पाहिलेले नसते, कारण ते संकेतस्थळापुरतेच अस्तित्वात असते. या व्यवसायाकडे तंत्रज्ञानाचे अपत्य म्हणून पाहण्याची रीत आहे. ती अपुरी आहे. परक्या बाजारपेठेच्या घड्याळावर आपला दिवस लावणे आणि परक्याच्या सोयीचे नाव धारण करणे, या दोन्ही गोष्टींची ओळख फिलिपिनो समाजाला विजेच्या दिव्याच्याही आधीपासून होती. तिचा आरंभ गलबतांपाशी होतो.

स्पॅनिशांनी १५६५ मध्ये या बेटांवर पाय रोवले आणि १५७१ मध्ये मनिला ही राजधानी केली. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीच शतके, मनिला आणि मेक्सिकोतील अकापुल्को यांच्या दरम्यान गॅलिऑन जातीची प्रचंड जहाजे ये-जा करीत राहिली. चीनचे रेशीम व चिनी मातीची भांडी, मोलुकासचे मसाले, कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड मनिलात गोळा होई आणि अकापुल्कोहून त्याच्या बदल्यात चांदी येई. मनिलाचे वैभव ते हेच. बेटांच्या मातीत पिकणाऱ्या वस्तूंना त्यात फारसे स्थान नव्हते. मात्र जहाजांचे लाकूड बेटांवरच्या अरण्यांतले होते, आणि ते तोडणारे, ओढणारे, तासणारे हातही तिथलेच होते. सोळा ते साठ वर्षे वयाच्या पुरुषाने वर्षाकाठी ४० दिवस सरकारी वेठ द्यावी असा नियम होता आणि काविते येथील जहाजबांधणीत ही वेठ पुष्कळांच्या जिवावर बेते. खलाशांतही स्थानिकांचा भरणा मोठा असे. त्यांतले किती तरी पलीकडच्या किनाऱ्यावर उतरले ते परतलेच नाहीत. मेक्सिकोच्या कोलिमा भागात नारळाची ताडी काढण्याची विद्या त्यांनीच नेली. ती ताडी इतकी लोकप्रिय झाली की सतराव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश मद्याचा खप घटतो म्हणून तक्रारी राजाकडे गेल्या. मायदेशाहून निसटलेल्या मजुराने धन्याच्या व्यापाराला असा चिमटा काढावा, यात इतिहासाची थोडी विनोदबुद्धी दिसते.

याच वाटेने एक भारतीय मुलगीही गेली. मीरा किंवा मिर्रा या नावाने ओळखली जाणारी ही मुलगी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती सापडली, कोचीनमार्गे मनिलाच्या बाजारात विकली गेली आणि १६२१ च्या सुमारास मेक्सिकोतील पुएब्ला येथे पोहोचली. १६८८ मध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हा ती ‘कातारिना दे सान हुआन’ या नावाची पूज्य मानली गेलेली स्त्री होती. मनिलाच्या धक्क्यावरून जे कोणी पुढे गेले त्यांची नावे बदलली, हा प्रकार पुढे अनेकदा घडावयाचा होता.

परंतु या व्यापाराची सर्वांत विलक्षण खूण जहाजात नव्हती, ती दिनदर्शिकेत होती. स्पॅनिश मनिलात आले ते पूर्वेकडून, अमेरिकेच्या बाजूने. त्यामुळे त्यांनी सोबत आणलेली तारीखही अमेरिकेची होती. शेजारच्या मकाव बंदरात पोर्तुगीज ज्या दिवसाला मंगळवार म्हणत, त्या दिवशी मनिलात सोमवार असे. सूर्य चीनच्या किनाऱ्यावर आणि मनिलाच्या उपसागरावर जवळपास एकाच वेळी उगवे, पण मनिलाचा दिवस अकापुल्कोच्या हिशेबाने मोजला जाई. असे पावणेतीनशे वर्षे चालले. मेक्सिको स्पेनच्या हातून गेला, गॅलिऑन बंद पडली, व्यापार चीन, जावा आणि ब्रिटिश हिंदुस्थानाशी होऊ लागला. तेव्हा गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी हुकूम काढला आणि ३० डिसेंबर १८४४ च्या सोमवारानंतर मनिलात एकदम १ जानेवारी १८४५ चा बुधवार उजाडला. ३१ डिसेंबर १८४४ हा मंगळवार त्या देशाच्या इतिहासात नाहीच. त्या दिवशी कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही. बाजारपेठ बदलली म्हणून एका देशाचा एक आख्खा दिवस गाळला गेला.

याच क्लाव्हेरिया यांनी १८४९ मध्ये दुसरा हुकूम काढला. बेटांवरील बहुसंख्य लोकांना स्थिर आडनावे नव्हती. भाऊभावांची नावे वेगळी आणि एकाच संताचे नाव घेतलेली माणसे गावोगाव शेकड्यांनी, त्यामुळे करवसुलीचा आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचा घोटाळा होई. यावर उपाय म्हणून सुमारे ६०,००० आडनावांची वर्णानुक्रमे जंत्री छापण्यात आली आणि तिची पाने प्रांतोप्रांती वाटण्यात आली. काही ठिकाणी एका गावाला एकाच अक्षराची पाने मिळाली. आल्बाय प्रांतातील ओआस या गावात ‘आर’ या रोमन अक्षराने सुरू होणाऱ्या आडनावांची दाटी दिसते ती यामुळेच. जंत्रीत स्पॅनिश शब्द होते, तसे झाडाझुडपांचे आणि गुणावगुणांचे देशी शब्दही होते. माणसाला नाव कुळावरून किंवा गावावरून न मिळता कागदाच्या तुकड्यावरून मिळाले. हा हुकूम जुलमी होता असे म्हणणे अवघड आहे, कारण त्याने फारसे रक्त सांडले नाही. परंतु सत्तेच्या सोयीसाठी नाव घ्यावे आणि त्याच नावाने पुढे पिढ्यान् पिढ्या नांदावे, ही सवय त्याने लावली.

१८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने ही बेटे २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन केली. १८९६ पासून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फिलिपिनो जनतेला या सौद्यात कोणी विचारले नव्हते. ती अमेरिकेशीही लढली आणि हरली. या नव्या सत्तेचे सर्वांत टिकाऊ शस्त्र म्हणजे शाळा. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या लष्करी जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक उतरले आणि खेड्यापाड्यांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. स्पॅनिशांनी तीन शतकांत आपली भाषा मूठभरांपलीकडे जाऊ दिली नव्हती. होसे रिसाल यांच्या स्पॅनिश कादंबऱ्या, १८८७ मध्ये बर्लिनला आणि १८९१ मध्ये गेंट येथे छापलेल्या, त्यांच्याच बहुसंख्य देशबांधवांना मुळातून वाचता येत नव्हत्या. अमेरिकनांनी मात्र एका पिढीत इंग्रजी शेतकऱ्याच्या मुलापर्यंत नेली. ती ज्ञानाची भाषा म्हणून आली. नोकरीची भाषा म्हणून राहिली.

ती भाषा नीटशी न येणारेही जहाजात बसलेच. डिसेंबर १९०६ मध्ये इलोकोस प्रांतातील १५ मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर पोहोचले. पुढील चार दशकांत लाखाहून अधिक फिलिपिनो त्यांच्या मागोमाग गेले. मळ्यावर प्रत्येक मजुराच्या गळ्यात किंवा कमरेला धातूचा बिल्ला असे, त्यावर क्रमांक. मजुरी त्या क्रमांकाने मिळे आणि मळ्याच्या दुकानातली उधारीही त्याच क्रमांकावर चढे. मुकादमाला नाव उच्चारण्याचे कष्ट नव्हते. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि अलास्काच्या मासळीच्या कारखान्यांत राबणाऱ्या अशा माणसांचे जिणे कार्लोस बुलोसान यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिका इज इन द हार्ट’ या पुस्तकात मांडले. तोवर दार जवळजवळ बंद झाले होते. १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्सला दहा वर्षांनी स्वातंत्र्य देण्याचे कबूल करताना अमेरिकेने फिलिपिनोंच्या प्रवेशाची मर्यादा वर्षाला ५० माणसांवर आणली. स्वातंत्र्याच्या आश्वासनासोबत उंबरठा उंच करण्याची ही हातचलाखी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्वतंत्र फिलिपिन्सने माणसे पाठविण्याचे काम पुढे स्वतःच हाती घेतले. १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी रोजगार हे राज्याचे धोरण बनले. आखाती देशांत तेलाचा पैसा वाहत होता, मायदेशी बेकारी होती. तात्पुरता म्हणून काढलेला हा मार्ग कायमचा राजरस्ता झाला. सौदी अरेबियात गवंडी, हाँगकाँग-सिंगापुरात मोलकरणी, अमेरिकेत परिचारिका, आणि जगाच्या प्रत्येक जहाजावर खलाशी. गोव्यातील तारवटी ज्या बोटींवर भांडी घासत आणि इंजिने राखत आले, त्यांवर त्यांच्या शेजारच्या बंकवर झोपणारा बहुधा फिलिपिनोच असे. १९८२ च्या एका आदेशाने मिळकतीचा ठरावीक हिस्सा मायदेशी बँकांमार्फत धाडण्याची सक्तीही झाली. १९८८ मध्ये कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगच्या मोलकरणींना ‘नवे वीर’ म्हटले. १७ मार्च १९९५ रोजी त्या वीरांपैकी एक, फ्लोर काँतेम्प्लासियोन, हिला सिंगापुरात खुनाच्या आरोपावरून फाशी देण्यात आली तेव्हा सारा देश रस्त्यावर आला. चार मुलांची ती आई दुसऱ्यांची मुले सांभाळावयास गेली होती. त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. २०२१ च्या अखेरीस त्यांच्यासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापण्याचा कायदाही झाला. २०२३ मध्ये परदेशांतून फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी धाडलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरांहून अधिक होती.

ही पार्श्वभूमी नजरेसमोर असेल तरच घरबसल्या परदेशी काम मिळण्याचे मोल कळते. ज्या मुलाने आईला दोन-तीन वर्षांतून एकदा, नाताळात, भेटींनी भरलेल्या खोक्यासह पाहिले, त्याला मोठेपणी डॉलर आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली मिळणे हा साक्षात्कारच वाटला असल्यास नवल नाही.

तारा जुळण्यास मात्र वेळ लागला. १९९० च्या आरंभी घरी टेलिफोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे आणि १९९२-९३ मध्ये लुझोन बेटावर दिवसाचे आठ-दहा तास वीज नसे. फिडेल रामोस यांच्या कारकिर्दीत दूरसंचाराची मक्तेदारी मोडली. २९ मार्च १९९४ रोजी देश इंटरनेटला जोडला गेला आणि सेबूच्या सान कार्लोस विद्यापीठात जमलेल्या मंडळींनी ते पाहिले. १९९५ च्या कायद्याने सवलतींची आर्थिक क्षेत्रे निर्माण केली. मग काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांत रात्रभर टेलिफोन वाजू लागले. अमेरिकन शिक्षकांनी पेरलेले पीक शंभर वर्षांनी असे कापणीस आले. पुणे, बंगळूर, गुरगाव येथील कॉल सेंटरांत संजयचा सॅम होत होता त्याच काळात मनिलातही नवी नावे वाटली जात होती. २०१० च्या सुमारास टेलिफोनवरच्या संभाषणाच्या या धंद्यात फिलिपिन्सने भारताला मागे टाकले. २०२३ पर्यंत या सेवाउद्योगात १७ लाखांच्या आसपास माणसे होती.

कॉल सेंटरातला कामगार निदान कामगार होता. १९७४ च्या त्याच संहितेप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळातील प्रत्येक तासाला त्याला किमान १० टक्के जादा वेतन मिळे, आणि १९७५ च्या डिसेंबरातील हुकुमानुसार नाताळापूर्वी तेराव्या महिन्याचा पगार. इमारतीला पहारेकरी होता, जनित्र होते, पहाटे घरी सोडणारे वाहन कधी कधी होते. पुढच्या टप्प्यात इमारतच गळून पडली. ओडेस्क आणि ईलान्स या दलाल-संकेतस्थळांवर (२०१५ मध्ये त्यांचे मिळून अपवर्क झाले) कोणीही आपले कसब मांडावे आणि जगातल्या कोणत्याही व्यापाऱ्याने ते तासाच्या बोलीने विकत घ्यावे, अशी सोय झाली. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेले कसब होते विपणनाचे.

त्याचे सुरुवातीचे रूप ओबडधोबड होते. शोधयंत्रे शब्द मोजतात आणि दुवे मोजतात, एवढे कळल्यावर शब्द आणि दुवे ढिगाने पुरविणारी माणसे हवी होती. दातांच्या दवाखान्यांवर ५०० शब्द, गालिचे धुण्यावर ५०० शब्द, मग तोच लेख शब्द फिरवून दहा निरनिराळ्या रूपांत, आणि प्रत्येकात मालकाच्या पानाचा दुवा. ज्याने कधी हिम पाहिले नाही त्याने छपरावरचे हिम हटविण्याच्या यंत्राची थोरवी गावी. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ या नावाने आणि एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने आपली प्रतवारीची रीत बदलली. असले लेख आणि असले दुवे एका रात्रीत निरुपयोगी झाले. वाचकांच्या दृष्टीने तो बदल हिताचाच होता. पण कॅलिफोर्नियात फिरविलेल्या एका किल्लीने दावाओतील आणि सेबूतील घरांचा रोजगार गेला, आणि ज्यांचा गेला त्यांना आधी कोणी कळविले नव्हते, कारण ते कोणाचेच नोकर नव्हते. साखरेचा भाव पडला की नेग्रोस बेटावरचा ऊसतोड मजूर उपाशी राही, तशीच ही गोष्ट. फक्त पीक शब्दांचे होते. जे टिकले ते अधिक शहाणे झाले. जाहिरातींचा खर्च आणि विक्री यांची गणिते, चित्रफिती, पत्रांच्या मालिका, हे सारे ते शिकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर साध्या मजकूरलेखनाची मागणी पुन्हा आटू लागली आणि पुन्हा शिकणे आले.

देखरेखीची तऱ्हाही नवी. तासाच्या बोलीवर काम घेणाऱ्याच्या यंत्रावर एक नोंदवही चालू राही. दर दहा मिनिटांच्या अवधीत केव्हा तरी ती पडद्याचे छायाचित्र टिपे आणि किल्ल्या किती वेळा दाबल्या गेल्या ते मोजून ठेवी. विचार करण्यात गेलेली दहा मिनिटे त्या वहीत आळसासारखी दिसत. हवाईच्या मळ्यावरचा घोड्यावर बसलेला मुकादम निदान दुसऱ्या टोकाला गेला की पाठ टेकता येई.

आणि घड्याळ. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात मनिलात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. अमेरिकेची घड्याळे नोव्हेंबरात एक तास मागे जातात, फिलिपिन्सची जात नाहीत. म्हणून नोव्हेंबरातल्या एका सोमवारपासून या घरातले काम रात्री दहाला सुरू होते. पोरांना निजविण्याची वेळ, जेवणाची वेळ, सारे एक तास सरकते, मार्चमध्ये पुन्हा पूर्वपदावर येते, आणि शेजारच्या घराला याचा पत्ताही नसतो. क्लाव्हेरिया यांनी एक मंगळवार गाळून मनिलाला आशियात आणले होते. घराघरांतून ती परत अकापुल्कोच्या बाजूला सरकली.

जागून काढलेल्या रात्रीनंतरच्या अवस्थेला टागालोग भाषेत ‘पुयात’ असा नेमका शब्द आहे. मराठीतला ‘जागरण’ हा शब्द त्याच्या जवळचा खरा, पण त्याला गोंधळाचा, एकादशीचा, देवाचा वास आहे. पुयातमध्ये देव नाही, तांबारलेले डोळे आहेत. पहाटे पाव विकणाऱ्याच्या सायकलचा भोंगा वाजतो तेव्हा या माणसाचा दिवस संपत असतो. रात्रीचा उरलेला भात लसणावर परतून, सोबत खारवलेली सुकी मासळी आणि अंडे, ही देशाची न्याहारी त्याचे रात्रीचे जेवण होते. मग कोंबडे, तीनचाकी मोटारसायकलींचा फटफटाट आणि गल्लीतले गाण्याचे यंत्र यांच्या साथीत त्याने झोपावयाचे. फिलिपिनो शेजारी गाण्याबाबत उदार असतात. परदेशी व्यापाऱ्याशी बोलणे चालू असता कोंबडा आरवला तर त्याची क्षमा कशी मागावी, ही या व्यवसायातली खरीखुरी अडचण आहे.

ज्या गल्लीत हे चालते तिची अर्थव्यवस्था सुट्याची आहे. ‘सारी-सारी’ म्हणजे नानाविध. या नावाचे छोटे दुकान घराच्या खिडकीतच थाटलेले असते आणि तिथे सिगारेट एक, लसणाची कुडी एक, शाम्पूची पुडी एक, व्हिनेगर पिशवीत ओतून, असे विकत मिळते. या सुट्या विक्रीला ‘टिंगी’ म्हणतात. २००३ पासून मोबाइलवर बोलण्याचा वेळही टिंगीने मिळू लागला. दोन पेसोंइतका ‘लोड’ एकाला दुसऱ्याकडे सरकविता येई. ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी एका पेसोचे नाणे टाकून काही मिनिटे चालणारे संगणक गल्लीबोळांत बसले. तासाने, मिनिटाने, नगाने विकले जाणारे विपणनाचे काम या लोकांना परके वाटले नाही, याचे एक कारण इथे असावे. आयुष्य सुटे करून विकण्याची आणि विकत घेण्याची रीत त्यांना आधीच अवगत होती. नोकरीव्यतिरिक्तच्या जोडधंद्याला तिथे ‘राकेत’ म्हणतात आणि अडचणीतून वाट काढण्याच्या हुशारीला ‘दिस्कार्ते’; पहिला शब्द इंग्रजीतून आलेला, दुसरा स्पॅनिशमधून, दोन्हींचे अर्थ मात्र फिलिपिनो गरजेने घडविलेले.

डॉलरमधली कमाई शेजारसंबंधांतही एक विचित्र गाठ मारते. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरचा भाव ५९ पेसोंवर गेला. या घराचे उत्पन्न काहीही जादा न करता वाढले. आयातीच्या इंधनाने आणि धान्याने गल्लीचे पोट आवळले. भाऊबंदांच्या फिया, आजारपणे, प्रेतसंस्कार अशा वेळी कोणाकडे येतात हे सांगावयास नको.

नावाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. विपणनाचे काम मुळात दुसऱ्याच्या नावाने बोलण्याचे आहे. लेखावर मालकाचे नाव, गिऱ्हाइकाला जाणाऱ्या पत्राखाली एखादी जेनिफर किंवा माइक. त्यात फसवणूक होते असे कोणी मानीत नाही, कारण व्यापारात पेढीच्या नावाने पत्र लिहिण्याची चाल जुनी आहे. पण दुसऱ्याचा आवाज काढण्याचे हे कसब देशात पसरले आणि एक दिवस घरच्याच बाजारात विक्रीस आले. २०१३ पासून फिलिपिन्समध्ये काही मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर फेसबुक विनामूल्य पाहता येई; पुष्कळांसाठी इंटरनेट म्हणजे तेवढेच होते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आणि त्यानंतर खोट्या खात्यांच्या झुंडी विरोधकांवर तुटून पडल्या. जोनाथन कॉर्पुस ओंग आणि जेसन काबान्येस यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या झुंडींमागे माथेफिरू फारसे आढळले नाहीत; आढळली ती जाहिरात आणि जनसंपर्क क्षेत्रातली प्रतिष्ठित माणसे, आणि त्यांच्या हाताखाली तुकड्या-तुकड्यांनी मजुरी घेऊन बनावट नावांनी लिहिणारे अल्पवेतनी तरुण. साबण खपविण्याची आणि माणूस संपविण्याची तंत्रे एकच होती. त्या वर्षांत खोट्या बातम्यांशी झुंजणाऱ्या पत्रकार मारिया रेसा यांना २०२१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कनिष्ठ मजुरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. नावाशिवाय राबण्याची सवय त्यांना कोणी लावली, ही विचारणा त्याहून कठीण आहे.

कायद्याच्या नजरेत हा कामगार कोठे उभा आहे? परदेशी गेलेल्यासाठी १९७४ ची संहिता आहे, १९९५ चा कायदा आहे, मंत्रालय आहे, विमानतळावर वेगळी रांगसुद्धा आहे. मायदेशी नोकरी करणाऱ्यासाठी रात्रीचे जादा वेतन आहे, तेरावा महिना आहे. २०१८ च्या अखेरीस दूरस्थ कामाचाही कायदा झाला, पण तो खाजगी आस्थापनांच्या नोकरांसाठी. जो परदेशी मालकाचे काम करतो परंतु परदेशी जात नाही, जो मायदेशी राबतो परंतु मायदेशात ज्याचा मालक नाही, तो या दोन्ही छपरांच्या मधल्या पन्हाळीखाली उभा आहे. कागदोपत्री तो स्वयंरोजगारी. सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावयाचा तर सगळा स्वतःच्या खिशातून. बँकेने नोकरीचा दाखला मागितला तर दाखविण्यास त्याच्यापाशी पडद्यावरची छायाचित्रे असतात. राज्याने वीर म्हणून गौरविले ते निघून जाणाऱ्याला. राहून गेलेल्यासाठी त्याला अजून नीट शब्दही सापडलेला नाही.

फिलिपिन्समध्ये नाताळ सप्टेंबरपासूनच कानावर पडू लागतो, पण त्याचा खरा आरंभ १६ डिसेंबरच्या पहाटे होतो. त्या दिवसापासून नऊ पहाटा, अंधार असतानाच, चर्चमध्ये प्रार्थना होतात. शेतावर जाणाऱ्यांना सूर्योदयापूर्वी येता यावे म्हणून ही वेळ पडली असे सांगतात. शेतावर जाणारे कमी झाले तशी प्रार्थनेला रात्रपाळी संपवून आलेल्यांची भर पडली. बाहेर निखाऱ्यांवर भाजलेला तांदळाचा केक आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा भात घेऊन ते झोपावयास घरी जातात.

१६ डिसेंबर २०२१ रोजी अशीच पहिली पहाट झाली आणि दुपारी ‘ओदेत्त’ हे चक्रीवादळ सियार्गाओ बेटावर येऊन आदळले. रात्रीपर्यंत ते सेबूवरून गेले. ४०० हून अधिक माणसे दगावली. सेबूच्या कित्येक भागांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही, नळाला पाणी नव्हते, मोबाइलची जाळी निपचित पडली होती. जिथे जनित्र चालू असे तिथे माणसे तारा आणि यंत्रे घेऊन रांगा लावीत. आप्तांना खुशाली कळविल्यावर त्यांतल्या अनेकांना दुसरा निरोप धाडावयाचा असे तो समुद्रापलीकडे. तिथे नाताळाच्या विक्रीचा शेवटचा आठवडा चालू होता.